शनवार तेल्यांचं गाव कसं वाचावं

अलिबागच्या उत्तरेला समुद्राला लागून नवगाव आहे. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना गावाशेजारी दोन मोठ्या खड्ड्यांत पुरलं, पुरुष एका ठिकाणी आणि बायका दुसऱ्या. ती दफनभूमी आजही दाखवतात. हे घडलं कधी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा ते इ.स.पू. १७५ च्या सुमारास ठेवते. लेखी पुरावा मात्र बऱ्याच उशिरा सुरू होतो. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने कोकणातल्या या लोकांबद्दल पत्रात लिहिलं आहे. मधल्या शतकांत काय झालं हे सांगायला ग्रंथ नाही, शिलालेख नाही. आहेत ती गावं, आडनावं, धंदे, स्वयंपाकघरं आणि थडगी. म्हणून अशा गावाचा इतिहास पुस्तकातून गावाकडे नव्हे, तर गावातून कागदाकडे वाचत जावा लागतो.

कोल्हापुरात बसून कोकणातल्या यहुदी गावांबद्दल लिहिण्याला कारण आहे. आपल्या शेजारी वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्या वस्तीत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभं राहिलं. जेमतेम पाच वर्षांच्या त्या वास्तव्याची आठवण कोल्हापूरने मनापासून जपली. महावीर उद्यानात स्तंभ आहे, २०१९ साली वळिवड्यातही स्मृतिस्तंभ झाला, आणि तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. हे फार चांगलं झालं. पण घाट उतरून कोकणात जो समाज शतकानुशतकं मराठी बोलत राहिला, ज्यांच्या बायका नऊवारी नेसून मराठीत ओव्या म्हणत, त्यांच्या गावांची अशी राखण आपण केलेली नाही. त्यांचे कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत. हे काम आपल्याला येण्यासारखं आहे, म्हणून ते आपलं आहे.

सुरुवात तेलापासून करावी. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, या लोकांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली, आणि सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. गाव माणसाला त्याच्या सुट्टीच्या वारावरून ओळखत होतं.

लाकडी घाण्याचं तेल आता कोल्हापुरात पुन्हा दुकानोदुकानी मिळतं, पण त्यातले बहुतेक घाणे विजेवर फिरतात. बैलाचा घाणा निराळा. जमिनीत घट्ट पुरलेलं उखळ, त्यात तिरकी उभी राहणारी, मुसळासारखी जड लाकडी लाट, लाटेला दाब देणारी आडवी फळी, फळीवर दगडाचं वजन, आणि फळीला जुंपलेला एक बैल. बैलाच्या डोळ्यांवर झापड, म्हणजे सतत गोल फिरून त्याला भोवळ येत नाही आणि तो पेंडीला तोंडही लावत नाही. एका वेळी आठ-दहा किलो तीळ घालायचे. लाट नुसती फिरवून तेल सुटत नाही. तीळ भरडले गेले की थोडंथोडं गरम पाणी शिंपडावं लागतं, दहा किलोला पाऊण ते एक लिटर. सगळी कसोटी त्या पाण्यात आहे. पाणी कमी पडलं तर भरड मोकळीच राहते, पेंड बांधली जात नाही आणि तेल तिच्यातच अडकतं. जास्त झालं तर तेल आणि पाणी एकमेकांत घुसळून पांढुरकं होतं, चार दिवस ठेवूनही नितळत नाही आणि लवकर खवट होतं. नीट जमलं तर दीड-दोन तासांत दहा किलो तिळांतून चार किलोच्या आसपास तेल आणि सहा किलो पेंड. खोबऱ्याला पाणी लागत नाही आणि उतारा जास्त, दहा किलोला साडेपाच-सहा किलो. पण खोबरं आधी कडकडीत वाळलेलं हवं. बुरशी धरलेला एक तुकडा सगळ्या तेलाला वास लावतो. कोकणच्या दमट हवेत हे वाळवणच खरं अवघड काम.

आता या कामात शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार, बसवून पाहा. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. त्या आज्ञेत माणसाबरोबर जनावरालाही विसावा सांगितला आहे, म्हणजे बैल दुसऱ्याच्या हाती देऊनही चालत नाही. अर्धवट भरडलेला ओला लगदा रात्रभर आणि दुसरा दिवसभर उखळात राहिला तर आंबतो. थंडीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. दोन तास गाळपाला आणि पुढे उखळ साफ करायला धरले, तर शुक्रवारी साडेतीनच्या पुढे नवा घाणा घालता येत नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत गावाला ताजं तेल नाही, हे गिऱ्हाईकांनाही ठाऊक असणार. ज्या समाजाकडे शतकानुशतकं धर्मगुरू नव्हता, हिब्रू पोथी नव्हती, प्रार्थना म्हणून ‘शेमा इस्रायल’ एवढीच ओळ उरली होती, त्याने आठवड्याचा हा वार सोडला नाही. मला वाटतं यात धंद्याचाही हात आहे. घाणा हा घरचा, मालकाच्या हातातला धंदा. दुसऱ्याच्या शेतात रोजावर जाणाऱ्याला शनिवार पाळणं किती जड गेलं असतं, याचा विचार करावा.

धर्माच्या बाकीच्या खुणा स्वयंपाकघरात. मासा खवले आणि पर असलेलाच. त्यामुळे पापलेट, सुरमई, रावस चालतो, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मिठात, आणि नंतर तीनदा धुऊन. रक्त उतरावं म्हणून. मांसाबरोबर दूध, दही, तूप नाही. नारळाचं दूध मात्र दूध ठरत नाही, त्यामुळे कोकणात ही अट त्यांना कधी जाचली नसावी. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध असतंच, आणि नव्या वर्षाला करतात तो चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचं दूध आणि साखर घालून आटवतात. द्राक्षाची वाइन कोकणात कुठून आणणार? काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून गाळायच्या, त्या सरबतावर शुक्रवारची किद्दुश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हणायची.

सणांची जुनी मराठी नावं तर जिवापाड जपावीत अशी आहेत. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. वल्हांडणाला, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाला, अनाशी ढाकाचा सण म्हणत. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो बिरड्याचा रोजा, कारण तो सोडताना वालाचं बिरडं खायचं. या यादीत हनुक्का, म्हणजे मक्काबी या यहुदी योद्ध्यांच्या विजयाचा सण, नाही. हा समाज मक्काबींच्या विजयाआधीच मायदेश सोडून निघाला होता, असा युक्तिवाद करणारे याच गोष्टीवर बोट ठेवतात. पुरावा म्हणून तो तोकडा आहे, कारण सण विसरलेही जातात. पण गावात एखादी वृद्ध बाई ‘बिरड्याचा रोजा’ म्हणाली, तर तिच्या घराला बेने इस्रायल शेजार होता हे पक्कं समजावं.

आणि मलिदा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ताट मांडतात. पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, सब्जाच्या डहाळ्या आणि गुलाब. एक किलो जाड पोह्यांना दोन नारळ पुरतात. पोहे भिजवायचे नाहीत, चाळणीत धुऊन निथळायचे. बाकीची ओल नारळ आणि साखर पुरवते. भिजवले तर गोळा होतो. आणि ओला नारळ कोकणच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबूस होतो, म्हणून मलिदा आयत्या वेळीच कालवावा लागतो. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावरच्या खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या म्हणून दाखवतात. त्या ठिकाणाला टप्पा म्हणतात आणि मलिद्यासाठी लोक मुंबईहूनच काय, इस्रायलहूनही तिथे येतात.

आडनावं सोपी वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, आवासकर, वाकरूळकर, दिवेकर: अशी गावावरून पडलेली शंभराहून जास्त आडनावं या समाजात आहेत. नकाशावर ती मांडली तर मुंबईच्या दक्षिणेची खाडीपट्टी जवळजवळ सगळी भरून निघते. पण दिवेकर, रोहेकर, नागावकर हिंदूंतही आहेत. शिवाय आडनाव हे कुटुंब एकदा कुठे राहत होतं एवढंच सांगतं. पेणकर तीन पिढ्या पनवेलला असू शकतो. पहिली नावंही मराठी वळणाची झालेली. सॅम्युएल सामाजी होतो, एझिकेल हसाजी, अब्राहम अबाजी, आयझॅक इसाजी, मोझेस मुसाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल एझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, हे टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधलं. त्या भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे.

मोडी कागदात ‘अबाजी’ दिसला म्हणून तो यहुदी ठरवू नये. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो. घाईच्या हातात इसाजी आणि येसाजी वेगळे काढणं कठीण. बाप-लेकाची जोडी पाहावी. ‘मुसाजी बिन हसाजी’ अशी दोन नावं एकत्र आली, शेजारी तेली हा धंदा लिहिलेला असला आणि गाव वरच्या यादीतलं असलं, तर शक्यता मजबूत होते. तिन्हींपैकी एकच खूण असेल तर नोंद वहीत घ्यावी आणि निष्कर्ष मोकळा ठेवावा.

सालाचं गणित न चुकता करावं. आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या काळातल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘तिसा तिसैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९९. त्यात ५९९ मिळवले की १७९८. हे वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे. फसली, म्हणजे महसुली सनाला याच रीतीने ५९० आणि ५९१. शकाला ७८, आणि जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे बाप मुलाच्या जन्माआधी मेलेला निघतो आणि सगळी वंशावळ कोसळते.

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. ब्रिटिश काळासाठी १८८३ चं कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियर आधी वाचावं, मग तालुक्याच्या अभिलेख कक्षातले जुने सातबारे आणि फेरफार. फेरफारात १९५७ नंतरच्या नोंदी सावकाश पाहाव्यात. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या तारखेने कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली. मालक मुंबईला आणि जमीन कुळाकडे, अशी जी वाडी असेल तिच्या नोंदीत जुन्या मालकाचं पूर्ण नाव शेवटचं तिथेच सापडण्याची शक्यता असते. जातीच्या रकान्यात इस्राएल, यहुदी, बेने इस्रायल किंवा नुसतं तेली असं काहीही असू शकतं. जसं लिहिलंय तसंच उतरवावं, सुधारू नये.

हा समाज गावातून गेला कधी, याचं सरसकट उत्तर १९४८, म्हणजे इस्रायल स्थापन झालं ते साल, असं दिलं जातं. ते अपुरं आहे. गाव आधी मुंबईने रिकामं केलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कंपनीच्या पलटणींत बेने इस्रायल शिपाई भरती होत गेले, सुभेदार-जमादार झाले, पेन्शन घेऊ लागले. मागून रेल्वे, गोदी, बांधकाम, इस्पितळं आणि शाळा आल्या. रॉकेल आलं आणि दिव्याचं तेल गेलं, मग गिरणीचं तेल आलं आणि खायचंही गेलं. घाणा बंद पडल्यावर गावात थांबायला कारण उरलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी घर राखलं आणि बाकीचे सणाला येत राहिले. इस्रायलकडचं स्थलांतर हा त्याचा दुसरा टप्पा. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,५०० यहुदी होते, २०११ मध्ये ४,६५०. तिकडेही वाट सरळ नव्हती. तुम्ही पूर्ण यहुदी आहात का, हा प्रश्न लग्नाच्या वेळी विचारला गेला. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे आज ही कुटुंबं आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा २०१६ मध्ये दिला. हे फार उशिरा झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

किनाऱ्यावर इमारती उभ्या आहेत. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं, अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं, पेणचं १८६३ चं. स्थानिक लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात, तेव्हा पत्ता विचारताना ‘इस्रायल आळीतली मशीद’ असं विचारावं. जुन्या घरांत दाराची उजवी चौकट पाहावी, आत शिरताना उजव्या हाताची. वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला खिळ्यांची दोन भोकं वर-खाली किंवा तिरकी असली, तर तिथे पूर्वी मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची दाराला लावायची डबी, असू शकते. रंगाचे थर असल्यामुळे ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी लागतात.

सगळ्यात जास्त माहिती दफनभूमीत असते, आणि सगळ्यात वेगाने तीच नाहीशी होते आहे. कोल्हापूरहून पुणे, खोपोली, पेण या रस्त्याने अलिबाग साधारण पावणेचारशे किलोमीटर. जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसानंतर दोन महिने गवत कमरेइतकं असतं आणि त्यात साप असतात. सिनेगॉगच्या समितीची परवानगी आधी घ्यावी, डोकं झाकावं, आणि शनिवारी किंवा त्यांच्या सणाला अजिबात जाऊ नये.

जुनी थडगी बहुधा नुसत्या दगडांची, अक्षराविना. याला कारण आहे. हिब्रूचं शिक्षण इथे एकोणिसाव्या शतकात रुजलं; जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं ते १८३२ साली. त्यामुळे हिब्रू अक्षरांचा दगड सहसा त्यानंतरचा. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून चौथरा जांभ्याचा आणि वरची पाटी काळ्या दगडाची किंवा संगमरवराची. खारी हवा संगमरवराचा वरचा थर साखरेसारखा भुसभुशीत करते. त्यावर बोट घासलं तरी अक्षर जातं.

अशा पाटीला तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच लावू नये. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळतात, तेही नको. पिठावर बुरशी चढते, तेलाला धूळ चिकटून दगड काळा पडतो. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि पाटी भुसभुशीत असेल तर तेही नाही. अक्षर वाचायचं ते उजेडाने. दीड फुटी आरसा घेऊन सूर्याचा कवडसा पाटीच्या कडेने, जवळजवळ तिला घासत जाईल असा पाडावा. खोल गेलेली प्रत्येक रेघ सावली धरते. तीन फोटो घ्यावेत: परिसरासकट, समोरून पट्टी ठेवून, आणि आरशाच्या उजेडात. फाटकापासून ओळ आणि क्रमांक देऊन वहीत पेन्सिलीने टिपावं, कारण घामाने पेनाची शाई पसरते.

हिब्रू उजवीकडून वाचायची. वर बहुधा पे आणि नून ही दोन अक्षरं असतात, ‘इथे पुरलं आहे’ अशा अर्थाची. खाली तव, नून, त्सादे, बेत, हे ही पाच अक्षरं, मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो या प्रार्थनेची. ही सात अक्षरं आधी ओळखावीत, म्हणजे मधलं नाव आणि साल वेगळं पडतं. साल यहुदी कालगणनेचं आणि अक्षरांत, पाच हजार वगळून; प्रत्येक अक्षराची एक संख्या ठरलेली. तव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४: बेरीज ६३४. त्यात १२४० मिळवले की १८७४. यहुदी वर्ष सुरू होतं त्या तिश्री महिन्यापासून डिसेंबरअखेरच्या तारखेला १२३९. चूक होते ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. झिजलेला दालेत रेशसारखा दिसतो आणि चाराचे दोनशे होतात. बेत आणि काफ म्हणजे दोन आणि वीस. हे आणि खेत म्हणजे पाच आणि आठ. तारीख पंधरा असेल तर ती दहा-पाच अशी न लिहिता नऊ-सहा लिहितात, आणि सोळा नऊ-सात, कारण दहा-पाच आणि दहा-सहा या जोड्यांत देवाच्या नावाची अक्षरं येतात. खाली मराठी मजकूर असेल तर त्यातल्या तारखेशी ताडून पाहावं. दोन्ही जुळेपर्यंत साल कच्चं समजावं.

पडलेली पाटी उचलून भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह आवरावा. ती ज्या जागी पडली त्या जागेवरूनच थडगं कुणाचं हे ठरतं. पालथी असेल आणि समितीने हो म्हटलं असेल, तर दोघांनी लाकडी ठोकळे सरकवत ती तिथल्या तिथे उताणी करावी, वाचावी आणि पुन्हा पालथी ठेवावी. अक्षर खाली राहिलं तर पाऊस त्याला कमी खातो. वहीच्या प्रती तीन: एक समितीला, एक गावच्या ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात, एक इस्रायलमधल्या कुटुंबांना पाठवायला. या तिसऱ्या प्रतीत प्रत्येक आडनावापुढे गावाचं नाव, तालुका आणि जवळचं एसटी स्थानक जरूर लिहावं. तिकडे तिसऱ्या पिढीला आडनाव ठाऊक असतं, पण ते ज्या गावावरून पडलं त्या गावाला पोहोचायचं कसं हे सांगणारं घरात कुणी नसतं.